मास्क सरांकडून, कॉम्प्युटर भाऊजींकडून

पत्र असं आहे:

«ताई, नमस्कार. मागच्या फेब्रुवारीत अंदमानात, स्वराज द्वीपला स्कूबा डायव्हिंगचा ‘ओपन वॉटर’ हा पहिला कोर्स केला आणि वेडच लागलं. कोर्सच्या ४ धरून आत्तापर्यंत ११ डायव्ह झाल्या. आता स्वतःचं सामान घ्यायचंय. ज्या सरांनी मुंबईत माझा पूलचा भाग करून घेतला त्यांचंच छोटं डायव्ह शॉप आहे. तिथे शनिवारी दीड तास होते. सरांनी ६ मास्क लावून बघायला दिले, ३ बीसीडी (हवा भरून पाण्यात तरंगत ठेवणाऱ्या बंड्या) अंगावर चढवून पट्टे आवळून दाखवले, चहा पाजला. मग भाव सांगितला: रेग्युलेटरचा पूर्ण सेट ५२,०००, बीसीडी ३४,०००, कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) २७,०००, मास्क ५,५००. घरी येऊन अमेरिकेतल्या एका सवलतवाल्या वेबसाइटवर तीच मॉडेलं शोधली. सगळं मिळून ८२,८००! म्हणजे जवळजवळ ३६,००० चा फरक. माझे दीर न्यू जर्सीत असतात, डिसेंबरमध्ये येणार आहेत, आणायला तयार आहेत. नवरा म्हणतो, विचार कसला करतेस? पण सरांचे दोनदा फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. ‘हा जिवाचा प्रश्न आहे, नेटवरून घेऊ नका’ असंही ते म्हणाले होते. खरंच धोका असतो की धंद्याची बोली आहे? आणि सरांना काय सांगू? — भर दुकानात बुडालेली, ठाणे.»

आधी फोन उचल बाई. बाकीचं मग.

सरांचं ते ‘जिवाचा प्रश्न’ वाक्य आधी बाजूला काढू, कारण त्यानेच तुझी झोप उडालेली दिसते. वाक्य अर्धं खरं आहे. रेग्युलेटर हे श्वास घ्यायचं यंत्र आहे हे खरंच. सिलिंडरमधली २०० बारची (बार हे दाबाचं माप) हवा सिलिंडरवर बसणारी फर्स्ट स्टेज आधी ९-१० बारवर आणते, मग तोंडातला सेकंड स्टेज ती तुझ्या आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो. पण कारखान्यातून निघालेला डबा दादरच्या कपाटात ठेवला काय किंवा न्यू जर्सीतल्या गोदामात ठेवला काय, आतलं पितळ तेच असतं. युरोपच्या ईएन २५० मानकाची चाचणी पास झालेला रेग्युलेटर वेबसाइटवर विकला म्हणून नापास होत नाही. तेव्हा नेटवरून घेतलेल्या रेग्युलेटरमुळे माणूस पाण्यात गुदमरेल, ही भीती मनातून काढून टाक. सरांना ती तशी घालायची नसावी, पण आपल्याकडे विक्री करताना जीभ जरा सैल सुटते.

धोका वेगळ्या जागी आहे. तो कुठे आहे हे मला कळलं त्याची गोष्ट सांगते, कारण मी तुझ्याच जागी होते, फक्त माझे दीर नव्हते, चुलतभाऊ होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरच्या एका वेबसाइटवर (नाव कशाला, ती आता बंदही पडली) एक देखणा रेग्युलेटर अर्ध्याच्या जरा वर किमतीत मिळाला. कंपनी चांगली, माल नवा, खोका सीलबंद. दीड वर्ष लोण्यासारखा चालला. मग एका नोव्हेंबरात मालवणला दांडीच्या किनाऱ्यावरून बोट निघाली, किल्ल्यामागे नांगर पडला, मी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला आणि सेकंड स्टेजमधून बारीक फुस्स आलं. थांबलं. पाचसात सेकंदांनी परत फुस्स. पाण्यात बुडवून, बटण दाबून, सगळे घरगुती उपाय करून झाले. बोटीवरचा डायव्हमास्टर, म्हणजे पाण्यात नेणारा वाटाड्या, विशीतला पोरगा, कान लावून ऐकत होता. म्हणाला, “ताई, ह्येका घेवन पाण्यात जाव नकात.” आणि त्याने मला सेंटरचा जुना रेग्युलेटर दिला. त्याच्या माउथपीसवर आधीच्या पाचपन्नास पर्यटकांचे दात उमटलेले. डायव्ह त्याच्यावर झाली, आणि मुकाट्याने सांगते, उत्तम झाली.

मुंबईला परतल्यावर एका सर्व्हिसवाल्याकडे गेले. त्याने डस्ट कॅप काढली, फर्स्ट स्टेजचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि टॉर्च मारला. जिथून सिलिंडरची हवा आत जाते तिथे नखाएवढी धातूची जाळी असते, फिल्टर. ती चांदीसारखी असायला हवी. माझी हिरवी होती. आजी पितळेच्या पातेल्यात ताक ठेवू द्यायची नाही ते का, हे त्या क्षणी डोळ्यांनी दिसलं: कळकलं होतं आतून. फर्स्ट स्टेज म्हणजे वरून क्रोमचा मुलामा दिलेलं पितळच. त्या जाळीचा रंग वाचता येतो हे त्याने सांगितलं. हिरवी असेल तर खारं पाणी आत शिरलंय. तांबूस असेल तर स्टीलच्या सिलिंडरचा गंज आलाय. काळपट असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरकडे बोट दाखवायचं.

खारं पाणी शिरलं कसं? माझ्या हाताने. डायव्हनंतर बादलीत धुताना मी डस्ट कॅप ओली असतानाच लावायची, कधी पुरती आवळायचीही नाही. म्हणजे दोष वेबसाइटचा नाही, दुकानाचा नाही, माझाच. पण खरा तमाशा पुढे. आतली सीट, म्हणजे हवा अडवणारी छोटी गादी, झिजली होती, दाब १० बारवर न थांबता हळूहळू वर चढत होता, म्हणून ते फुस्स. सीट आणि रबरी ओ-रिंगांचा एक किट बदलला की काम झालं. “पण ताई, ह्या कंपनीचा किट माझ्याकडे येत नाही,” तो म्हणाला. कंपन्या हे सुटे भाग सहसा आपल्या अधिकृत विक्रेत्यांना आणि प्रशिक्षण दिलेल्या तंत्रज्ञांनाच देतात, आणि त्या कंपनीचं तेव्हा इथे कुणी नव्हतं. वेबसाइटला लिहिलं तर उत्तर आलं की आमच्याकडे पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. मग चुलतभावाच्या ओळखीच्या एकाबरोबर रेग्युलेटर गेला, दुसऱ्या एकाबरोबर परत आला. मधे ८ महिने गेले, एक अख्खा सीझन बुडाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यामुळे मी आता किंमत विचारायच्या आधी विचारते की वर्ष-दोन वर्षांनी हे उघडणार कोण. रेग्युलेटरला दर वर्षी किंवा दोन वर्षांनी, कंपनी सांगेल त्याप्रमाणे, सर्व्हिस लागते. तुझ्या वेबसाइटवरच्या रेग्युलेटरच्या सेटला (सरांकडे ५२,००० चा, तिथे ३६,००० चा) मुंबईत, पुण्यात, गोव्यात, निदान चेन्नई-बंगळुरूत किट घालून देणारा माणूस आहे का, हे एका फोनवर कळतं. तो असेल तर माझं निम्मं म्हणणं मी मागे घेते.

उरलेलं निम्मं वॉरंटीचं. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या आपल्या विक्रेत्यांना अमुक किमतीखाली जाहिरात करू देत नाहीत. तरीही एखादी साइट खूप खाली विकत असेल तर तिचा माल अनेकदा दुसऱ्या कुठल्या देशाच्या वितरकाकडून आडवाटेने आलेला असतो. माल अस्सल असतो, पण कंपनीची वॉरंटी त्याला लागू होईलच असं नाही. साइट स्वतःची वॉरंटी देते, म्हणजे काही झालं की त्यांच्याच दारात जायचं. ठाण्याहून. म्हणून भाऊजींना सांग की साइटवर ‘अधिकृत विक्रेता’ असं लिहिलंय का ते बघ, आणि त्यावरही न थांबता कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या विक्रेत्यांच्या यादीत त्या साइटचं नाव आहे का ते बघ. ही पाच मिनिटांची तपासणी मी तेव्हा केली नव्हती. अधिकृत विक्रेताही असेल तरी ती वॉरंटी भारतात चालते का हे वेगळं विचारायचं, आणि खरेदीची पावती जपून ठेवायची. कित्येक कंपन्यांची वॉरंटी वेळच्या वेळी केलेल्या सर्व्हिसच्या नोंदींवर टिकते.

आता एकूण खरेदीतला तो ३६,००० चा फरक. नवऱ्याला हा आकडा फार आवडलाय हे पत्रावरून कळतं, पण तो पूर्ण खरा नाही. सरांचे ५२,००० हे सगळे सरांच्या खिशात जात नाहीत. तो माल आयात झालेला आहे, त्यावर कस्टम्सची ड्युटी भरलेली आहे, जीएसटी आहे, वितरकाचा वाटा आहे. तू स्वतः कुरिअरने मागवलंस तर ड्युटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) तुझ्या दारात येतो, वर कुरिअरवाल्याचं सोडवणुकीचं शुल्क. भाऊजींच्या बॅगेतून आलं तरी ते हवेतून येत नाही. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंतच्याच सामानाला सूट असते, आणि ती सूट भाऊजींची आहे, तुझी नाही. त्यातून ते आईला काही आणणार असतील, पुतण्याला काही आणणार असतील, मग तुझा ८२,८०० चा डोंगर त्याच सुटीत कसा बसेल? विमानात बसण्याआधी त्यांना चालू नियम वाचायला सांग आणि बिल बरोबर ठेवायला सांग. ‘वापरलेलं आहे असं सांगा, चालतं’ हा सल्ला तुला कुणी ना कुणी देईलच. तो माणूस कस्टम्सच्या काउंटरवर भाऊजींच्या शेजारी उभा नसतो.

आणि वजन. रेग्युलेटर, बीसीडी, बाकी किडूकमिडूक मिळून ८-१० किलो सहज. कोणाच्याही बॅगेतली इतकी जागा मागणं म्हणजे नात्याची परीक्षा. जाऊबाईंचं काय म्हणणं आहे ते तू पत्रात लिहिलं नाहीस.

पण थांब, हे सगळं तू रेग्युलेटर घेणार हे धरून चाललंय. मला तर वाटतं तू आत्ता तो घेऊच नयेस. सरांकडून नको, भाऊजींकडूनही नको.

तुझ्या ११ डायव्ह झाल्यात, त्यातल्या ४ गुडघे वाळूत टेकून मास्कमधलं पाणी काढण्यात गेल्या. मागच्या वर्षभराचा वेग धरला तर पुढच्या वर्षी दहाएक होतील. मालवण पावसाळ्यात बंद, कर्नाटकातलं नेत्राणी बेटही बंद, अंदमानला जायचं तर रजा आणि विमानाचं तिकीट. आपल्याकडे बहुतेक सेंटरांवर डायव्हच्या भावात सामान धरलेलंच असतं. स्वतःचं नेलंस तर थोडीशी सूट देतात, कुठे तीही नाही. म्हणजे ५२,००० चा काय किंवा ३६,००० चा काय, रेग्युलेटर वर्षातले साडेतीनशे दिवस ठाण्याच्या दमट हवेत कपाटात बसणार, आणि न वापरताही त्याची सर्व्हिस यायची ती येणारच. रबर कॅलेंडर बघून म्हातारं होतं, तुझ्या डायव्ह मोजून नाही. सेंटरचे ते दात उमटलेले रेग्युलेटर बघून नाक मुरडू नकोस. चांगल्या सेंटरवर साधी, दणकट, कमी भागांची पिस्टनवाली मॉडेलं ठेवतात, ती रोज पाण्यात जातात आणि पावसाळ्यात एकगठ्ठा उघडली जातात. माउथपीसची किळस येत असेल तर स्वतःचा सिलिकॉनचा माउथपीस घेऊन जा, तो महाग नसतो आणि एका केबल टायने बसतो. डायव्हमास्टरला आधी विचार म्हणजे झालं.

बीसीडीचंही तेच, त्यात एक भर. तू दुकानात टीशर्टवर घालून बघितलास. पाण्यात, वेटसूटवर, हवा भरल्यावर तो बरगड्या आवळतो का, वर सरकून कानाशी येतो का, हे कपाटासमोर कळत नाही. एका कंपनीचा एम म्हणजे दुसरीचा एस, हेही आहेच. मला एका दुकानदाराने माझ्या अंगाला चांगलाच मोठा असलेला जाडजूड बीसीडी ‘पुढे थंड पाण्यात जाडा सूट घालाल तेव्हा बरा पडेल’ म्हणून गळ्यात मारला होता. मी आजतागायत थंड पाण्यात गेलेली नाही. देशातल्या विमानात आपल्याला साधारण १५ किलोची बॅग मिळते, त्यात तो एकटाच ५ किलो. तेव्हा दुकानात घेतलं म्हणजे शहाणपणाने घेतलं असंही समजू नकोस. शेल्फवर पडून राहिलेला माल हा नेहमीच ‘खास तुमच्यासाठी’ असतो. पुढच्या दोन सहलींत सेंटरवरचे वेगवेगळे प्रकार मागून घे, जॅकेटवाला एकदा, पाठीवर हवा भरणारा एकदा, आणि लॉगबुकात लिहून ठेव की कशात आडवं तरंगता आलं. मग घे.

मग आत्ता घ्यायचं काय? दोनच गोष्टी मोठ्या. मास्क आणि कॉम्प्युटर.

मास्क सरांकडून घे, या आठवड्यात, ५,५०० देऊन, घासाघीस न करता. वेबसाइटचे १,७०० वाचतात हे मला दिसतंय. पण तो मास्क ६ मधून निवडला कसा गेला ते आठव. सरांनी पट्टा मागे टाकून नुसती काच तुझ्या चेहऱ्याला लावली असणार, नाकाने जरा श्वास आत ओढायला सांगितला असणार, आणि जो हात सोडल्यावरही चेहऱ्याला चिकटून राहिला तो बाजूला ठेवला असणार. हा चेहरा-मास्कचा जुळणारा पत्रिकामेळ कुठल्याही वेबसाइटवर होत नाही. तुझ्या गालाची हाडं, नाकाची दांडी, हसताना पडणारी खळी, सगळं त्यात येतं. दीड तासातलं खरं काम तेच होतं, आणि त्याचे पैसे सरांनी कुठल्या बिलात लावलेले नाहीत. चष्मा असेल तर सांग त्यांना. काही मास्कमध्ये अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने तयार भिंगं बसवून मिळतात. आणि मास्क म्हणजे नाक आत घेणारा मास्क. पोहण्याचा गॉगल खाली नेलास तर डोळ्यांवरचा दाब सोडायला नाक नाही. पूर्ण चेहरा झाकणारे ते स्नॉर्केलिंगचे मास्क मॉलमध्ये मिळतात, ते फक्त पाण्यावर तरंगण्यासाठी. यजमानांना कौतुकाने तो आणू देऊ नकोस.

कॉम्प्युटर मात्र भाऊजींना खुशाल सांग. घड्याळाएवढी वस्तू, किमतीत ८,००० चा फरक, चेहऱ्यावर बसवून बघायची नाही, आत पितळ कळकायचं नाही. अट एकच: बॅटरी आपली आपल्याला बदलता येईल असं मॉडेल घे. बरीच सुरुवातीची मॉडेलं साध्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतात, मागचं झाकण फिरवलं की निघते, तिथली ओ-रिंग पुसून, ग्रीसचं बोट लावून बंद केलं की झालं. ज्याची बॅटरी बदलायला कंपनीकडे पाठवावं लागतं ते घेतलंस तर माझी आठ महिन्यांची गोष्ट तुझ्याही घरी घडेल. आणि हे मी पहिल्या खरेदीत का घालते, तर आपल्याकडे पर्यटक डायव्हर सर्रास डायव्हमास्टरच्या कॉम्प्युटरच्या भरवशावर खाली जातात. तो १२ मीटरवर असतो, तू कासव बघायला १६ वर गेलेली असतेस. त्याच्या मनगटावरचे आकडे त्याच्या अंगात साठलेल्या नायट्रोजनचे आहेत, तुझ्या नाही.

अमेरिकेतून घेताना एक बारीक गोष्ट. तिथे दाब पीएसआयमध्ये, खोली फुटांत, तापमान फॅरनहाइटमध्ये. कॉम्प्युटरमध्ये सेटिंग बदलता येतं, प्रश्न नाही. पण दाबाचा काट्याचा गेज तिथला घेतलास तर तो बहुधा पीएसआयच दाखवणार. आपल्याकडे बोटीवर सगळे बारमध्ये बोलतात: २०० ला खाली जा, ५० ला वर ये. पाण्यात डायव्हमास्टर विचारतो किती उरली, आणि तुझ्या गेजवर दिसतात ७२५. ते म्हणजेच ५० बार, पण हा भागाकार १५ मीटर खाली करायचा नसतो. पुढे कधी रेग्युलेटर घेशील तेव्हा हे लक्षात ठेव. युरोपातून घेशील तर आणखी एक खोड आहे: तिकडे डिन जोडणीचे, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसणारे रेग्युलेटर जास्त चालतात, आपल्याकडे बहुतेक सिलिंडरांना वरून पकडणारा योक लागतो. जर्मनीहून हौसेने आणलेला रेग्युलेटर मांडीवर घेऊन बोटीत बसलेला एक तरुण मी पाहिलाय. छोटासा अडॅप्टर घरी राहिला होता.

किरकोळात एक फुगवायची नारंगी नळी आणि एक शिट्टी घे, कुठूनही, नेटवरून घेतलीस तरी चालेल. वर आल्यावर आपली बोट लांब असेल आणि मासेमारीच्या होड्यांची ये-जा असेल तर तीच दिसते आणि ऐकू जाते. फिन्स सरांकडे मिळाल्या तर तिथेच घालून बघ, नाहीतर पुढच्या वेळी. वेटसूट भाड्याने.

आता सरांचं. तुला अपराधी वाटतंय ते बरोबर वाटतंय, मी काही समजूत घालणार नाही. दुकानात तासभर अंगावर चढवून बघायचं, मापं लिहून घ्यायची आणि मोबाइलवरून दुसरीकडे ऑर्डर टाकायची, याला साडीच्या दुकानात चालणारं नाव ‘विंडो शॉपिंग’ असेल, पण तिथला माणूस पूलमध्ये तुझा हात धरून उभा नव्हता. या छोट्या दुकानांचा संसार कोर्सच्या फीवर चालत नाही हे बहुतेकांना माहीत नसतं. पूलचं भाडं, कॉम्प्रेसर, पावसाळ्यातले चार रिकामे महिने, हे सगळं सामानाच्या नफ्यातून निघतं. तरी म्हणून ३६,००० चं दान करायला मी सांगत नाहीये. सर शिक्षक आहेत तसे दुकानदारही आहेत, आणि दुकानदाराला गिऱ्हाइकाचं ‘नाही’ ऐकायची सवय असते. फोन न उचलण्याची सवय कुणालाच नसते.

जाऊन सरळ सांग: सर, मास्क आज घेते. कॉम्प्युटर दीर आणतायत. रेग्युलेटर आणि बीसीडी आत्ता घेत नाही, अजून २५-३० डायव्ह झाल्या की घेईन, आणि तेव्हा तुमच्याकडे यायची इच्छा आहे. मग वेबसाइटचा भाव त्यांच्या तोंडावर न फेकता विचार की ५२,००० मध्ये काय काय येतं. पहिली सर्व्हिस त्यात आहे का? किट तुमच्याकडे असतो की बाहेरून येतो, किती दिवसांत? सर्व्हिसला दिला असताना डायव्हला जायचं झालं तर दुसरा देता का? घेण्याआधी पूलमध्ये वापरून बघता येईल का? ही उत्तरं ‘हो’ आली तर १६,००० चा फरक बराचसा वितळतो, आणि ज्या दिवशी रेग्युलेटर बोटीवर फुसफुसेल त्या दिवशी उरलेलाही वितळेल. उत्तरं ‘बघू’, ‘सांगतो’ अशी आली, किंवा परत फक्त जिवाचा प्रश्न निघाला, तर अमेरिकेतला अधिकृत विक्रेता तुला मोकळा आहे, मात्र सर्व्हिसवाला आधी शोधून. भाव करायचाच असेल तर पावसाळ्यात जा. जुलैत डायव्ह शॉपमध्ये मालक आणि पंखा दोघंच असतात, तेव्हा सेटवर सर्व्हिस फुकट मिळते, कधी एखादी बॅगही.

सर रागावतील असं मला वाटत नाही. जरा वेळ गप्प होतील, मग मास्कच्या खोक्यावरचा भाव पुसून पाचशे कमी करतील. ते कमी केलेले घे, नाही म्हणू नकोस.

नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो काढला नाही तर पहिल्याच डायव्हला आत धुकं धरतं. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळायची, धुवायची, तीनचार वेळा. जेलवाली नको. सिलिकॉनला मात्र टूथपेस्ट, शाम्पू काही घासत बसू नकोस. आणि भाऊजींना सांग, कॉम्प्युटर चेक-इनच्या बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत ठेवायचा.